सुरी आणि ताट : मुतखड्याचे दोन इतिहास

हल्ली 'मुतखडा' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'स्टोन झालाय' म्हणतात. शब्द इंग्रजी झाला की चारचौघांत बोलायला सोपा जातो. आयटी पार्कातल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये हा विषय काढून बघा, टेबलावरच्या एकाकडे तरी स्वतःची गोष्ट असतेच. पहाटे तीनला कमरेत कळ उठली, उभं राहवेना, बसवेना, झोपवेना. सोनोग्राफीत सहा एमएमचा खडा दिसला. मग बाकीच्यांचे सल्ले सुरू होतात. कुळथाचं पाणी पी. पानफुटीची पानं चावून खा. टोमॅटो बंद कर. दूध बंद कर. आणि सर्वांत लोकप्रिय सल्ला : बीअर पी, आपोआप पडेल.

दीडशे वर्षांपूर्वी हाच विषय निघाला असता, तर ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो तिशीतला पगारदार नसता. तो बहुधा गरीब घरातला पाच-सहा वर्षांचा मुलगा असता. आणि त्याचा खडा मूत्रपिंडात नव्हे, मूत्राशयात असता.

मराठीत दोन्हींना आपण मुतखडाच म्हणतो, पण हे दोन वेगळे आजार आहेत. मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या, रक्त गाळून लघवी तयार करतात. ती मूत्रवाहिनी नावाच्या दोन बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयाच्या पिशवीत साठते आणि मग बाहेर पडते. आज आपल्याला माहीत असलेला खडा वर मूत्रपिंडात तयार होतो. तिथे तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. पण जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळीत उतरला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि ती कुप्रसिद्ध कळ येते. जुन्या काळचा खडा मात्र खालच्या पिशवीतच तयार व्हायचा आणि तिथेच वाढायचा. बोराएवढा, लिंबाएवढा, कधी अंड्याएवढा. लघवी करताना मध्येच धार तुटायची, शेवटी जीवघेणा ठणका लागायचा, आणि हे महिनोन्महिने, वर्षानुवर्षं.

ह्या जुन्या खड्याचे दोन इतिहास आहेत. एक तो काढायचा कसा ह्याचा. दुसरा तो होतो का ह्याचा. पहिल्यात सुऱ्या, यंत्रं, शर्यती आणि नायक आहेत. दुसऱ्यात भात, दूध आणि पाणी आहे. पुस्तकं पहिल्यावर लिहिली गेली. मुलं वाचली ती मुख्यतः दुसऱ्यामुळे.

राजाला विचारून मगच कापा

इजिप्तमध्ये एल अमरा इथे १९०१ साली एका पुरलेल्या मृतदेहाच्या कटीभागात मूत्राशयातला खडा सापडला. तो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा असावा असं मानतात. म्हणजे हा आजार पिरॅमिडांपेक्षा जुना आहे.

आपल्याकडे 'सुश्रुतसंहिते'त त्याला 'अश्मरी' म्हटलंय. निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे दोन स्वतंत्र अध्याय त्याला दिले आहेत. वातामुळे होणाऱ्या अश्मरीचं वर्णन वाचताना ते कुणीतरी रोग्याशेजारी बसून लिहिलंय हे जाणवतं : रोगी दात खातो, बेंबी दाबून धरतो, इंद्रिय चोळत राहतो. आणि संहिता स्पष्ट सांगते की हा आजार विशेषकरून लहान मुलांना होतो. कारण म्हणून ती मुलांचा आहार आणि दिवसाची झोप पुढे करते. कारणमीमांसा आज पटणार नाही, पण 'मुलांना होतो' आणि 'खाण्याशी संबंध आहे' ही दोन निरीक्षणं लक्षात ठेवा. ती दीड-दोन हजार वर्षांनी पुन्हा भेटणार आहेत.

शस्त्रक्रियेचं वर्णन अंगावर काटा आणणारं आहे. गुडघ्याएवढ्या उंच फळीवर एक धडधाकट माणूस बसवायचा. त्याच्या मांडीवर रोग्याला उताणं ठेवून गुडघे दुमडून बांधायचे. वैद्याने डाव्या हाताची दोन बोटं गुदद्वारातून आत घालून खडा चाचपायचा आणि खाली ओढून आणायचा, इतका की तो गाठीसारखा बाहेरून दिसेल. मग मधल्या शिवणीच्या डावीकडे जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून छेद द्यायचा. खडा फुटू द्यायचा नाही, कारण बारीकसा कण जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो.

पण मला ह्या अध्यायातला सर्वांत महत्त्वाचा भाग तंत्राचा वाटत नाही. कापायच्या आधी संहिता सांगते की कुशल वैद्याच्या हातूनही इथे यशाची खात्री नाही, म्हणून हा उपाय सगळ्यात शेवटचा. काही न केल्यास मृत्यू ठरलेला, केल्यास संशय उरतो. तेव्हा राजाची परवानगी घेऊन मगच हात घालावा. आजच्या ऑपरेशनआधीच्या संमतिपत्राचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने जवळपास हीच पद्धत लिहून ठेवली. त्याच्या मते ही शस्त्रक्रिया नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांवर आणि वसंत ऋतूतच करावी. ग्रीक परंपरेने तर हात झटकले. हिपॉक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य म्हणतो की मी खड्यासाठी कापणार नाही, ते काम ते करणाऱ्यांवर सोडीन. त्यामुळे युरोपात पुढे शतकानुशतकं विद्यापीठात शिकलेले डॉक्टर एका बाजूला आणि गावोगाव फिरणारे खडा कापणारे दुसऱ्या बाजूला अशी वाटणी झाली. फिरत्या माणसाचा एक फायदा होता. जखम चिघळेपर्यंत तो पुढच्या गावी पोचलेला असायचा.

एका मिनिटाचा खेळ

लोक अशा माणसाच्या हाती जीव का द्यायचे हे कळायला दोन माणसं पुरेशी आहेत.

पहिला यान द डोट, ॲमस्टरडॅमचा लोहार. दोनदा शस्त्रक्रिया होऊनही त्याचा त्रास गेला नव्हता. १६५१ साली त्याने स्वतःच एक सुरी घडवली, बायकोला मासळीबाजारात पाठवलं, भावाला मदतीला घेतलं आणि स्वतःच्या हाताने खडा कापून काढला. कोंबडीच्या अंड्याहून मोठा. तो जगला. ही हकिकत निकोलास तुल्प ह्या डॉक्टरने नोंदवून ठेवली. रेम्ब्रांच्या शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रात हातात चिमटा धरलेला डॉक्टर तो हाच. लोहाराचंही चित्र आहे : एका हातात सुरी, दुसऱ्या हातात खडा.

दुसरा सॅम्युअल पीप्स, ज्याच्या रोजनिशीमुळे सतराव्या शतकातलं लंडन आपल्याला घरबसल्या दिसतं. २६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या पंचविशीत, थॉमस हॉलियर ह्या शल्यविशारदाने त्याचा खडा काढला. भूल नावाची गोष्ट अजून दोनशे वर्षं दूर होती. पीप्सने त्या खड्यासाठी खास पेटी बनवून घेतली आणि दर वर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायचं ठरवलं. वाढदिवसासारखंच ते. १७०३ साली तो वारल्यावर शवविच्छेदन झालं तेव्हा त्याच्या डाव्या मूत्रपिंडात आणखी खडे सापडले. खडा काढला गेला होता, खडे होण्याचं कारण तसंच राहिलं होतं.

भूल नसताना शल्यविशारदाचं कौशल्य वेगावरच मोजलं जाणार. लंडनच्या विल्यम चेसल्डनने १७२७च्या सुमारास बाजूने छेद देण्याची पद्धत पक्की केली. तो मिनिटभरात खडा काढायचा. त्याने स्वतःचा हिशोबही छापला : २१३ रोगी, त्यांतले २० दगावले. त्या काळात हा आकडा अचंबित करणारा होता, कारण इतर ठिकाणी पाचातला एक जाणं नेहमीचंच होतं.

साहजिकच, सुरी टाळणाऱ्या औषधाला लोक काहीही द्यायला तयार होते. १७३९ साली ब्रिटिश संसदेने जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंना त्यांच्या गुप्त औषधाची कृती जाहीर करण्यासाठी ५,००० पौंड मंजूर केले. कृती निघाली ती अशी : अंड्यांची भाजलेली टरफलं, गोगलगायी, साबण आणि काही वनस्पती. हसण्याआधी कुळथाचं पाणी आठवा. मूत्रपिंडातून सुटलेले चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. त्या दिवसांत माणूस जे पीत असेल, श्रेय त्याला मिळतं. स्टीफन्सबाईंच्या औषधाचं तेच झालं आणि बीअरचं आजही तेच होतं.

तरी त्या पाच हजार पौंडांतून विज्ञानाला काहीच मिळालं नाही असं नाही. खडा विरघळवणाऱ्या क्षारांचा वाद पुढे चालूच राहिला. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक सौम्य क्षार शोधायला बसला आणि त्याच्या हाती कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास लागला. १७७६ साली शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाला मूत्राशयातल्या खड्यात युरिक ॲसिड सापडलं. १८१० साली वोलस्टनला एका खड्यात जो नवा पदार्थ मिळाला, त्याला पुढे सिस्टीन म्हणू लागले. शरीरातल्या प्रथिनांच्या घटकांपैकी एकाचं हे नाव मूत्राशयाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. आणखी एक नाव तर रोज वापरात आहे. प्रसूतीच्या टेबलावर बाईला जसं पाय वर घेऊन निजवतात त्या स्थितीला डॉक्टर अजून 'लिथोटॉमी पोझिशन' म्हणतात. लिथोटॉमी म्हणजे खडा कापणं. सुश्रुताच्या फळीवरचा तो बांधलेला रोगी अजून भाषेत शिल्लक आहे.

मोजणारा डॉक्टर

१३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसच्या नेकर रुग्णालयात जाँ सिव्हियाल ह्या तरुण डॉक्टरने न कापता खडा काढून दाखवला. मूत्रमार्गातूनच एक सरळ नळी आत न्यायची, तिच्या टोकाच्या तीन नख्यांनी खडा पकडायचा, त्याला भोकं पाडून फोडायचं आणि चुरा लघवीवाटे जाऊ द्यायचा. अनेक बैठका लागायच्या, त्रासही व्हायचा, पण सुरी नव्हती.

माझ्यासारख्या आकड्यांत काम करणाऱ्याला सिव्हियाल आवडतो तो त्याने पुढे जे केलं त्यामुळे. त्याने युरोपभरातल्या हजारो शस्त्रक्रियांच्या नोंदी गोळा केल्या आणि १८३५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे तुलना मांडली. कापून खडा काढताना शंभरातले साधारण वीस दगावत होते, फोडून काढताना दोन-तीन. दोन उपचार समोरासमोर ठेवून मोठ्या संख्येने मोजायचे, आज ह्यात कुणाला नवल वाटणार नाही. वेबसाइटवरच्या बटणाचा रंगसुद्धा आम्ही असाच ठरवतो. तेव्हा मात्र त्यावर खडाजंगी झाली. अकादमीने नेमलेल्या समितीत प्वासाँसारखा मोठा गणिती होता, नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद लारे होता. समितीचं म्हणणं पडलं की वैद्य एका रोग्यावर उपचार करतो, सरासरीवर नाही. प्रत्येक रोगी वेगळा असतो.

हा आक्षेप वाटतो तितका बावळट नाही. फोडण्यासाठी सिव्हियाल तुलनेने लहान खड्याचे, बरी तब्येत असलेले रोगी निवडणार आणि अवघड रोगी सुरीखाली जाणार, हे उघड होतं. म्हणजे दोन गट सारखे नव्हतेच. तरीही त्याने प्रश्न ज्या जागी आणून ठेवला तिथून तो परत फिरला नाही. 'माझा अनुभव असा आहे' एवढं म्हणून भागणार नव्हतं. किती जणांवर केलं आणि त्यांतले किती जगले हे सांगावं लागणार होतं.

इंदूरची मुलं

१८४६ नंतर भूल आली. १८७८ साली बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने रोग्याला भूल देऊन एकाच बैठकीत खडा फोडायचा आणि रबरी फुग्याच्या पंपाने सगळा चुरा धुऊन बाहेर ओढायचा, असं तंत्र आणलं. पण युरोप-अमेरिकेत सर्वांचं एकमत होतं की हे मोठ्यांसाठी. लहान मुलाचा मूत्रमार्ग इतका अरुंद की त्यात यंत्र घालणं धोक्याचं. मुलांना कापायचंच.

हे मत बदललं त्यात होळकरांच्या इंदूरचा मोठा वाटा आहे. तिथल्या रेसिडेन्सीचे सर्जन डी. एफ. कीगन ह्यांनी १८८०च्या दशकात बारीक यंत्रं वापरून लहान मुलग्यांचे खडे न कापता काढायला सुरुवात केली आणि निकाल प्रसिद्ध केले. मुलं दगावण्याचं प्रमाण कमी होतं, आणि आठवडेच्या आठवडे जखम भरायची वाट न बघता ती थोड्या दिवसांत घरी जात. भारतातल्या इतर सर्जनांनी ही पद्धत उचलली आणि मग तिकडच्या पाठ्यपुस्तकांना दखल घ्यावी लागली.

ह्याच काळात पीटर फ्रेयर ह्या सर्जनने रामपूरच्या नवाबाचा खडा काढला आणि त्याला एक लाख रुपये बक्षीस मिळालं. त्यावरून सरकारदरबारी बराच गदारोळ झाला. फ्रेयर पुढे लंडनला जाऊन प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाला. नवाबाच्या एका खड्याची किंमत आपल्याला माहीत आहे. इंदूरच्या मुलांची नावंसुद्धा नाहीत. शल्यचिकित्सेने जे शिकायचं ते मात्र त्यांच्यावर शिकून घेतलं.

ती मुलं इतकी होती, ह्याचाच कुणी विचार करत नव्हतं. सिंध, पंजाब, राजपुताना, गुजरात ह्या भागात खड्याची मुलं दवाखान्यात येतच राहायची. डॉक्टरला ही हात बसवण्याची संधी होती. आईला ते रात्ररात्र रडणारं पोर होतं.

खडे गेले कुठे?

आता दुसरा इतिहास.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात खडा इतका सर्रास होता की १७७१ साली नॉर्विचला रुग्णालय उभं राहिलं तेव्हापासून तिथे काढलेला प्रत्येक खडा जपून ठेवला जाई. त्या नोंदींत जवळपास निम्मे रोगी लहान मुलं होती, बहुतेक गरिबांची. आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुलांचे खडे कमी होत गेले. विसावं शतक उजाडून थोडी वर्षं गेली तोवर ते जवळजवळ नाहीसे झाले. कुणी औषध शोधलं नव्हतं. लस नव्हती. फ्रान्समध्ये, जर्मनीत, इतरत्रही हेच थोड्याफार फरकाने घडलं. शल्यविशारदांच्या हातातली यंत्रं सर्वोत्तम झाली आणि मुलांचे रोगीच येईनासे झाले.

बदललं होतं ताट. गरिबाच्या पोराला पाव आणि पेज ह्यापलीकडे दूध, अंडी, थोडं मांस मिळू लागलं होतं.

हा धागा भारतात धरला रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत १९२०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी उंदरांना भारतातल्या वेगवेगळ्या भागांतल्या गरिबांसारखं जेवण द्यायला सुरुवात केली. नुसत्या पिठावर वाढलेल्या उंदरांच्या मूत्राशयात खडे झाले. त्याच आहारात दूध घातलं की टळले.

पुढचा दुवा थायलंडच्या ईशान्येकडचा, उबोन प्रांतातला. १९६०च्या दशकात तिथल्या खेड्यांत मुलांना खडे का होतात हे शोधायला थाई आणि अमेरिकन संशोधक गेले. शहरातल्या आणि खेड्यातल्या बाळांत त्यांना मोठा फरक दिसला. खेड्यात बाळ काही दिवसांचं झालं की त्याला चिकट भात भरवायला सुरुवात होई. पोट भाताने भरलं की बाळ अंगावर कमी पितं. शरीराला मिळणारं फॉस्फेट घटतं आणि लघवीत ते फारच थोडं उतरतं. उलट खडा घडवणारे अमोनिया, युरेट, ऑक्झलेट हे पदार्थ वाढतात. त्यात उन्हाळा, ताप, हगवण आली की लघवी घट्ट होते आणि स्फटिक बसायला लागतात. संशोधकांनी मुलांना फॉस्फेट देऊन बघितलं तर लघवीतले स्फटिक कमी झाले.

म्हणजे तो खडा कुपोषणाचा होता. वरून पोट भरलेलं दिसायचं, कारण भात किंवा भाकरी मिळत होती. पण त्यासोबत दूध नव्हतं, डाळ अपुरी होती, पाणी खराब होतं. सुश्रुतसंहितेने मुलं आणि आहार ह्यांची जोडी लावली होती. फक्त दोष जास्त खाण्याचा नव्हता, कमी मिळण्याचा होता.

भारतातही मुलांच्या मूत्राशयातला खडा गेल्या काही दशकांत खूप घटला, पूर्ण गेलेला नाही. त्याच्या जाण्याचा उत्सव कुणी केला नाही. न झालेल्या आजाराला मेजवानी कोण देणार?

थेंब, विमान आणि आंघोळीचा टब

मूत्राशयातला खडा खाली उतरत असताना मूत्रपिंडातला वर चढत होता. तो गरिबीचा नव्हता. जास्त मीठ, जास्त मांस, बैठं काम, वाढतं वजन आणि कमी पाणी ह्यांच्याशी त्याचं जमतं. त्यातले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. देश श्रीमंत होऊ लागला की हा वाढतो, हे ठिकठिकाणी दिसलं आहे.

त्यावरचं सर्वांत देखणं यंत्र विमानाच्या कारखान्यातून आलं. जर्मनीतली डॉर्निए कंपनी ध्वनीहून वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळले की धातूत कशा आघातलहरी उठतात ह्याचा अभ्यास करत होती. ह्या लहरी पाण्यातून आणि मऊ मांसातून फार इजा न करता जातात, पण कठीण, ठिसूळ वस्तूला तडे पाडतात. मग लंबवर्तुळाची शाळेतली भूमिती कामाला आली. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेली लहर भिंतीवर आपटून दुसऱ्या नाभीत गोळा होते. धातूच्या अशा वाडग्यात, पाण्याखाली, एका नाभीशी ठिणगी पाडायची. रोग्याला टबात अशा बेताने ठेवायचं की त्याचा खडा बरोबर दुसऱ्या नाभीवर येईल. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन चौसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या माणसावर हा उपचार केला. शरीरावर कुठेही छेद नव्हता.

सुश्रुताच्या फळीपासून इथवर यायला दोन हजार वर्षं लागली. आज ह्या यंत्राबरोबर पाठीतून बारीक भोक पाडून दुर्बिणीने किंवा लघवीच्या मार्गाने लेझर नेऊन खडा फोडणं सर्रास चालतं. जिल्ह्याच्या गावातही बोर्ड दिसतो : 'विनाटाका मुतखडा शस्त्रक्रिया'. कळ घेऊन गेलेला माणूस दोन दिवसांत कामावर येतो. पहिला इतिहास जिंकला.

आणि पीप्सच्या मूत्रपिंडासारखंच, खडा घडवणारं कारण जागच्या जागी राहतं.

शेवटी पाणी

लघवी म्हणजे क्षारांचं द्रावण. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की स्फटिक बनतात, हे सातवीच्या प्रयोगवहीतलं. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांना दोन गटांत विभागून पाच वर्षं पाहिलं. एका गटाला रोज निदान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. १९९६ साली निकाल आला : पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. ह्याच गटाने २००२ साली दुसरा गैरसमज मोडला. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडणाऱ्यांपेक्षा, कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना कमी खडे झाले. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे ते लघवीत कमी उतरतं. तेव्हा 'दूध बंद कर' हा कॅन्टीनमधला सल्ला उलटाच आहे. बीअरमुळे लघवी जास्त होते हे खरं, पण दारू शरीरातलं पाणी काढते आणि बीअरमुळे युरिक ॲसिड वाढतं. कळ आलेली असताना ताप, थंडी वाजणं, लघवी बंद होणं किंवा सतत उलट्या असं काही असेल, तर काढा करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेततं.

'भरपूर पाणी प्या' हे वाक्य मात्र सोपं नाही. ते म्हणायला जवळ स्वच्छ पाणी लागतं आणि प्यायलेलं सोडायला जागा लागते. दिवसभर बाजारात बसणारी भाजीवाली, एसटीने लांबचा प्रवास करणारी बाई, ट्रॅफिक पोलीस महिला, ह्या जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. ह्याच प्रश्नावर मुंबईत २०११च्या सुमारास 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. मार्च-एप्रिलच्या उन्हात फडात ऊस तोडणारे, वीटभट्टीवरचे, भर दुपारी आपलं जेवण घेऊन येणारा डिलिव्हरीवाला, ह्यांचं अंग घामाने निथळतं आणि लघवी दिवसातून एकदा-दोनदा, गडद पिवळी. सोसायटीच्या दारावर त्याला लिफ्ट कुठली वापरायची ते सांगतात. संडास कुठे आहे ते सांगत नाहीत.

नॉर्विचच्या मुलांचा आजार एखाद्या हुशार सर्जनने घालवला नाही. त्यांच्या घरी दूध येऊ लागलं म्हणून तो गेला. आपल्याकडे लेझर आहे, आघातलहरींचं यंत्र आहे, विम्याचं पॅकेज आहे. आता पुढचं काम नळाचं आणि संडासाचं आहे. ते कुणा डॉक्टरच्या नावावर लागणार नाही, आणि त्यामुळे ज्यांना खडा होणार नाही त्यांना ते कधी कळणारही नाही.